चिठ्ठीविना बांधलेल्या पुड्या

सोलापूरच्या पूर्व भागात तीन दशकांहून अधिक काळ मी औषधांचे दुकान चालवले. आता ते मुलगा बघतो. मी सकाळी थोडा वेळ जाऊन बसतो, तेवढेच. इतक्या वर्षांत मी बनावट माल ठेवला नाही, मुदत संपलेली पट्टी कुणाच्या हातात दिली नाही. तरीही माझ्या हातून माणसांचे नुकसान झाले, आणि ते सगळे सर्दी, खोकला, ताप या तीन शब्दांवर झाले. गिऱ्हाईक हे तीन शब्द उच्चारायचे आणि माझा हात ठरलेल्या खणाकडे जायचा.

हे आता लिहिण्याचे कारण एवढेच, की मी केलेल्या चुका आजही गल्लोगल्लीच्या दुकानांत होत आहेत. त्यांत दुकानदाराचा फायदा आहे, आणि गिऱ्हाईक त्या मागून घेते आहे.

सोलापूर म्हटले की लोकांना उन्हाळा आठवतो. इथे थंडी कसली, असे बाहेरचे लोक विचारतात. पण फ्लू आपल्याकडे थंडीची वाट बघत नाही. महाराष्ट्रात त्याचे दोन हंगाम असतात. एक पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, आणि दुसरा संक्रांतीच्या आसपास सुरू होऊन होळीपर्यंत रेंगाळणारा. दुकानदाराला हे पंचांगासारखे पाठ असते. संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा. अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, संमती कट्ट्यावर अक्षता, मग होम, मग शोभेचे दारूकाम. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत पांढऱ्या बाराबंदीतले भक्त खांद्याला खांदा लावून चालतात, पुढे कितीतरी दिवस होम मैदानावर पाळणे आणि खेळण्यांची दुकाने असतात, लेकरे धुळीत फिरतात. यात्रा सुरू झाली की तीन-चार दिवसांत दुकानापुढची रांग वाढते. फ्लूचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसायला एक ते चार दिवस लागतात, आणि लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासूनच माणूस तो दुसऱ्याला देऊ शकतो. गर्दी आणि रांग यांचा मेळ त्यामुळेच बसतो. मी तो मेळ फक्त माल भरण्यासाठी वापरला. डिसेंबरातच खोकल्याच्या बाटल्यांची आणि अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकची मोठी ऑर्डर द्यायचो.

आमच्या भागात साथ पसरायला यात्राही लागत नाही. यंत्रमागाच्या शेडमध्ये सूत तुटू नये म्हणून दमट हवा लागते, त्यामुळे दारे-खिडक्या शक्यतो लावलेल्या असतात. मागांचा खडखडाट एवढा, की शेजारच्याला काही सांगायचे तर त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडावे लागते. एकाला फ्लू झाला की आठवड्यात अर्धी पाळी खोकू लागते. खोकून काम थांबत नाही, कारण चादर-टॉवेलची मजुरी कामावर ठरते. घरी बसले की पैसा बंद. विड्या वळणाऱ्या बायकांचेही तेच. मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने. तापात पडलेली बाई त्या दिवशी काहीच कमवत नाही, म्हणून ती पडत नाही. ती मेडिकलमध्ये येते आणि म्हणते, "अण्णा, दोन दिवसांचे डोस बांधून द्या, उद्या कारखान्यात विड्या द्यायच्यात."

मी बांधून द्यायचो. कागदाच्या चौकोनात एक पॅरासिटामॉल, एक सर्दीची गोळी, एक अँटिबायोटिक. असे तीन डोस, फार तर सहा. आमच्याकडे सगळेच तसे बांधायचे. डॉक्टरांची फी वाचली, रिक्षाचे भाडे वाचले, दिवस वाचला, असे गिऱ्हाईक समजायचे, आणि मीही गरिबाची सोय करतो आहे असेच समजत होतो. ही समजूत फार वर्षे टिकली, कारण तिच्यात माझाही फायदा होता. नावाजलेल्या कंपनीच्या गोळीवर दुकानदाराला सोळा ते वीस टक्के सुटतात. पण ज्या अँटिबायोटिकची जाहिरात होत नाही, डॉक्टर ज्याचे नाव लिहीत नाहीत, अशी पट्टी घाऊक व्यापारी फार कमी भावात देतो आणि छापील किंमत मात्र भरपूर असते; वर दहा पट्ट्यांवर एक-दोन फुकट. चिठ्ठी असली की चिठ्ठीतलेच द्यावे लागते. चिठ्ठी नसली की काय द्यायचे ते मी ठरवतो. सर्दीच्या हंगामात माझा गल्ला चिठ्ठीविना बांधलेल्या पुड्यांवर भरत होता.

सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात आणि अँटिबायोटिक फक्त जिवाणूंवर चालते, हे मला माहीत नव्हते असे नाही. डी. फार्म.ला ते शिकवले होते, परीक्षेत लिहून मी गुणही मिळवले होते. पण दुकानात बसल्यावर दुसरेच शिक्षण सुरू झाले. साधी सर्दी पाच-सात दिवसांत आपली आपण बरी होते. माणूस तिसऱ्या दिवशी माझ्याकडे यायचा, पुडी घ्यायचा, सहाव्या दिवशी त्याला बरे वाटायचे आणि तो सगळ्या गल्लीत सांगायचा, की अण्णाच्या डोसाने गुण आला. असे वारंवार ऐकले की शिकलेला माणूसही स्वतःच्या हाताला गुण आहे असे मानू लागतो. मी मानू लागलो.

पुडीत कधीकधी आणखी एक बारीक पांढरी गोळी असायची, डेक्सामेथासोनची. स्टिरॉइड. "अण्णा, लवकर बरे करा, लग्नाला जायचंय" असे कुणी म्हणाले की ती पडायची. ताप उतरायचा, अंगदुखी जायची, भूक लागायची. आजार मात्र तिथेच असायचा आणि त्याच्याशी लढणारी शरीराची ताकद त्या गोळीने कमी केलेली असायची. शुगरच्या माणसाची साखर तिने चढते. हे लिहिताना मला आजही वाईट वाटते, कारण या गोळीबाबत मी स्वतःला कधीच फसवले नव्हते. ती देताना मी पट्टीवरचे नाव गिऱ्हाइकाला दिसू देत नसे.

एक तरुण वायंडिंग कामगार लहान असल्यापासून माझ्याकडे यायचा. त्याच्या प्रत्येक सर्दीला त्याने माझी पुडी घेतली होती, आणि बरे वाटले की उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवून पुढच्या वेळी घ्यायची त्याची सवय होती. एकदा त्याच्या पायाची जखम चिघळली. दवाखान्यातून पूची तपासणी करून आलेला कागद तो मला दाखवायला घेऊन आला. त्यावर औषधांची यादी होती आणि बऱ्याच नावांपुढे ती आता चालणार नाहीत असा शेरा होता. मी वर्षानुवर्षे ज्या दोन-तीन गोळ्या पुडीत टाकत आलो, त्या त्या यादीत होत्या. त्याच्या जखमेतले जंतू माझ्याच पुड्यांनी निगरगट्ट झाले, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. असे जंतू दुसऱ्याकडूनही येतात. पण मी तसे केले नाही, असेही म्हणू शकत नाही. सलाइनमधून महागडी इंजेक्शने घ्यायला त्याला कर्ज काढावे लागले. तो कागद बघून मी त्याला फक्त "डॉक्टर सांगतील तसे कर" म्हणालो.

2009 च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला आणि सगळा महाराष्ट्र घाबरला. पुण्यातल्या शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयापुढे रांगा लागल्या. सोलापुरात कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या गळ्यात आल्या, रुमालावर निलगिरीचे तेल आले. माझ्या दुकानात मास्क मागायला लोक येऊ लागले. मी मागवून ठेवलेले मास्क वाढत्या भावाने विकले. निलगिरीचे तेलही विकले, आणि त्याने स्वाइन फ्लू अडत नाही हे कुणाला सांगितले नाही. त्याच आठवड्यात मला स्वतःला खोकला होता. मी मास्क न लावता काउंटरवर उभा राहून दिवसभर इतरांना मास्क विकत होतो. दुकान बंद ठेवणे परवडण्यासारखे नव्हते, असे तेव्हा वाटले. किती जणांना मी तो खोकला दिला असेल, याचा हिशोब कुठल्याच वहीत नाही.

माझी आजी मानमोडीच्या साथीच्या गोष्टी सांगायची. 1918 सालचा तो फ्लू. मुंबई इलाख्याला त्याची झळ फार बसली. देशभरात एक कोटीहून जास्त माणसे गेली, आणि त्यांत धडधाकट तरुण मोठ्या संख्येने होते. घरातले सगळेच अंथरुणावर, पाणी द्यायलाही कुणी उठू शकत नाही, असे ती सांगायची. मी ते लहानपणी भुताच्या गोष्टीसारखे ऐकले आणि मोठेपणी विसरलो. त्या आजाराचे नाव मी रोज दुकानात ऐकत होतो, पण तो तोच आजार आहे हे माझ्या मनात कधी जुळले नाही.

पुढे 2012 च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाचे तेव्हाचे आयुक्त महेश झगडे यांनी नियमांवर बोट ठेवले. दुकानात फार्मासिस्ट हजर पाहिजे, चिठ्ठीशिवाय शेड्यूलमधले औषध विकायचे नाही, बिल द्यायचे. कायदा जुनाच होता, अंमल नवा होता. राज्यभरच्या विक्रेत्यांनी विरोध केला, बंद पुकारले. मी त्यात उत्साहाने होतो. गरीब माणूस प्रत्येक सर्दीला डॉक्टरकडे कुठे जाणार, असे मी तावातावाने बोललो. गरिबाची बाजू घेऊन बोलताना माझ्या डोळ्यांपुढे माझा गल्ला होता, हे मी तेव्हा कबूल केले नसते. 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच-1 आले, काही अँटिबायोटिकसाठी वेगळी नोंदवही ठेवणे बंधनकारक झाले. मी वही आणली. अझिथ्रोमायसिनला ती लागत नव्हती, त्यामुळे पुड्या चालूच राहिल्या.

आता 2015 च्या फेब्रुवारीबद्दल सांगतो.

त्या वर्षी स्वाइन फ्लू पुन्हा जोरात होता. वर्तमानपत्रांत रोज आकडे येत होते. आमच्या मागच्या गल्लीत राहणारी, माझ्या वयाची एक विडी कामगार बाई संध्याकाळी दुकानात आली. तिला सगळे अक्का म्हणत, मीही म्हणायचो. मांडीवर सूप घेऊन तंबाखूत हात घालून बसण्यात तिचे आयुष्य गेले होते. तंबाखूची भुकटी नाकातोंडात जाऊन या बायकांना खोकला लागलेलाच असतो. अक्काचा खोकला तर मी गल्लीच्या टोकावरून ओळखायचो. तिला शुगरही होती, आणि तिच्या शुगरच्या गोळ्या दर महिन्याला माझ्याच दुकानातून जायच्या.

दुकानात गर्दी होती. ती म्हणाली, "अण्णा, खोकला लई वाढलाय की. अंग मोडून आलंय. डोस द्या." मी तिच्याकडे नीट बघितलेही नाही. मुलगा सुटे पैसे मोजत होता, कुणीतरी डायपर मागत होते. माझ्या मनात एकच गोष्ट आली: हा तंबाखूचा खोकला. मी पुडी बांधली. पैसे देऊन ती लगेच गेली नाही, दुकानाच्या पायरीवर बसली. थोडा वेळ बसून मग उठली. ती पायरी तीन बोटे उंचीची, रस्त्यापासून दुकान चार पावलांवर. ही बाई रोज विड्यांचे ओझे घेऊन कारखान्यापर्यंत चालत जायची, आणि आज चार पावलांवर तिला बसावे लागले. मी ते पाहिले होते. दमली असेल, एवढाच विचार केला.

ताप किती दिवस आहे, दम लागतो का, घरात आणखी कोण आजारी आहे, एवढे विचारायला अर्धे मिनिट लागले असते. सरकारने तेव्हा रुग्णांचे अ, ब, क असे तीन गट पाडले होते. साधी सर्दी-ताप असलेला अ गटात. त्याने घरी विश्रांती घ्यायची. दम लागणारा, छातीत दुखणारा, रक्तदाब घसरलेला क गटात. त्याला दवाखान्यात भरती करायचे. आणि मधल्या ब गटात ज्यांचा समावेश होता त्यांत मधुमेही, गरोदर बाया, वृद्ध, फुप्फुसाचे जुने रुग्ण होते. अशा माणसाला फ्लूची लक्षणे दिसली, की तपासणीच्या अहवालाची वाट न बघता ऑसेल्टामिव्हिर हे फ्लूवरचे औषध सुरू करायचे, असा नियम होता. पाच दिवस, दिवसातून दोनदा. लक्षणे सुरू झाल्यापासून दोन दिवसांच्या आत सुरू केले तर त्याचा उपयोग सर्वाधिक. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळत होते. माझ्या दुकानात ते नव्हते; तेव्हा ते शेड्यूल एक्समध्ये होते आणि त्याचा वेगळा परवाना लागायचा. म्हणजे त्या संध्याकाळी अक्काच्या उपयोगाचे माझ्याजवळ एकच औषध होते, "आत्ताच्या आत्ता सिव्हिलला जा" हे वाक्य. मी तिला त्याऐवजी अझिथ्रोमायसिन दिले. त्यात ती बारीक पांढरी गोळीही होती.

पुडीने दोन दिवस ताप दबला. तिने त्या दोन दिवसांत विड्या वळल्या. मग रात्री तिला श्वास घेता येईना. शेजाऱ्यांनी रिक्षात घालून सिव्हिलला, म्हणजे आमच्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात नेले. घशातला नमुना पुण्याला गेला, स्वाइन फ्लूचा निघाला. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया, साखर प्रचंड वाढलेली. तिथल्या डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी तिला वाचवले. ती कृत्रिम श्वासावर होती, मग हळूहळू सुटली.

मला हे कळले तिच्या मुलीकडून. ती शुगरच्या गोळ्या न्यायला आली होती. नेहमीच्या आवाजात म्हणाली, "अण्णा, तुमच्या डोसाने दोन दिवस बरं वाटलं होतं आईला. नंतर एकदम बिघडलं." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती माझे आभारच मानत होती. मी तिला पुडीत काय होते ते सांगितले नाही. त्या दिवशी नाही, पुढच्या महिन्यातही नाही. नंतर कधीतरी अक्कालाच सांगितले. ती ऐकून बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "मीच मागितला होता की डोस." हे वाक्य मला माफीसारखे वाटले नाही. तिला दोष वाटून घेता येतो आणि मला नाही, असे काहीसे त्यात होते.

अक्का जगली, पण पूर्वीची राहिली नाही. थोडे चालले की धाप. हजार विड्या वळणारी बाई निम्म्यावर आली, आणि मजुरीही निम्म्यावर. घरातले दागिने गहाण पडले होते ते सुटले नाहीत. मुलगी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती, तिने कॉलेज सोडून आईचे सूप मांडीवर घेतले. आज ती मुलगी स्वतः दोन लेकरांची आई आहे आणि विड्याच वळते. माझ्या अर्ध्या मिनिटाची किंमत तिने भरली आहे, अजून भरते आहे.

यानंतर मी दुकानात पुड्या बंद केल्या. पण शहाणपण काउंटरपुरतेच आले. घरात ते नेले नाही, आणि ही माझी सर्वांत मोठी चूक.

आई आमच्याबरोबर राहायची. तिला जुना दमा होता, वय ऐंशीच्या पुढे. फ्लूची लस माझ्या फ्रिजमध्ये होती. दोन ते आठ अंश तापमानात, दरवर्षी नव्या हंगामाची, कारण विषाणू बदलतो तशी लसही बदलावी लागते. पावसाळ्याच्या आधी, एप्रिल-मेमध्ये ती घेतली तर दोन आठवड्यांत अंगात संरक्षण तयार होते आणि पुढचा हंगाम बऱ्याच अंशी निभावतो. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण म्हाताऱ्या माणसाला तो जीवघेणा होण्याची शक्यता कमी होते. मी हे गिऱ्हाइकांना समजावून सांगायचो. आईला लस दिली नाही. ती घराबाहेर कुठे जाते, तिला कुठून होणार, असा माझा विचार होता.

2017 च्या पावसाळ्यात मला ताप आणि खोकला झाला. मी पॅरासिटामॉल घेऊन दुकानात गेलो. संध्याकाळी घरी येऊन रोजच्यासारखा आईच्या खोलीत, तिच्या पलंगावर बसून जेवलो, तिला दिवसभराच्या गोष्टी सांगितल्या. तिला ऐकायला कमी यायचे म्हणून जवळ जाऊन, मोठ्याने. शेडमध्ये कामगार एकमेकांच्या कानाशी ओरडतात, तसे. ती घराबाहेर गेली नव्हती. बाहेरचे सगळे मी तिच्यापर्यंत आणत होतो. चार दिवसांनी ती खोकू लागली. बायकोने हुलग्याचे माडगे करून दिले, आईला ते फार आवडायचे, तेही तिला दोन घोटांपलीकडे गेले नाही. छातीत न्यूमोनिया झाला आणि त्या आजारपणातच ती गेली. तपासणी झाली नव्हती, त्यामुळे तो फ्लूच होता असे कागदावर कुठे नाही. भेटायला येणारे म्हणाले, वय झाले होते. मीही तसेच म्हणत राहिलो. वय झाले होते हे खरे. पण त्या वयाच्या माणसाजवळ खोकत बसू नये, हे मला त्याच वर्षी गिऱ्हाइकांना सांगताना किती सोपे वाटत होते.

पुड्या बंद केल्यावर दुकानात जे बदलले, ते लोकांच्या फारसे पसंतीला उतरले नाही. मी सर्दी-तापाच्या माणसाला आधी विचारू लागलो: किती दिवस, दम लागतो का, शुगर आहे का, घरात गरोदर बाई किंवा तान्हे मूल आहे का. साधी सर्दी असली तर पॅरासिटामॉल, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या आणि झोप, एवढेच. शुगरवाला, दमेकरी, साठीच्या पुढचा, गरोदर बाई असली तर त्याच दिवशी डॉक्टर. श्वास घेताना त्रास, ओठ निळे, लेकरू दूध ओढत नाही, माणूस बरळतो, उतरलेला ताप पुन्हा जोरात चढला, यांतले काही दिसले तर सिव्हिल, लगेच. लोक चिडायचे. "पंधरा वर्षं डोस दिलात, आता काय झालं?" असे एकाने तोंडावर विचारले. बरेच जण पुढच्या चौकातल्या दुकानात गेले आणि तिथून पुडी घेऊन माझ्या दुकानावरून परत गेले. हंगामातला धंदा बसला. मुलाने तेव्हा हिशोब दाखवून मला समजावायचा प्रयत्न केला. मी त्याला अक्काची गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच, पूर्ण.

हात धुण्याच्या बाबतीतही मला लोकांनीच शहाणे केले. साबणाने वीस सेकंद हात धुवा, असे मी सांगायचो. एक बाई म्हणाली, "अण्णा, नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. नळ सोडून हात धुतले तर प्यायला काय?" तिचे बरोबर होते. सोलापुरात पाणी साठवून जगावे लागते. मग आम्ही तिच्याबरोबरच ठरवले: हात ओले करायला थोडे पाणी, नळ बंद करून किंवा तांब्या बाजूला ठेवून साबण नीट चोळायचा, आणि एका तांब्यात धुऊन टाकायचे. बाहेरून आल्यावर, जेवणाआधी, आजाऱ्याचे केल्यावर. एवढे पाणी पुरते. मी ते इतकी वर्षे पुस्तकातले वाक्य म्हणून सांगत होतो.

कोरोनाने सगळ्यांना मास्क शिकवला, बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचे यंत्र घरोघरी आले. त्याचबरोबर अझिथ्रोमायसिनही पूर्वीपेक्षा जास्त घरांत गेले, आणि आजही देशात सर्वाधिक खपणाऱ्या अँटिबायोटिक गोळ्यांत ते आहे. 2017 मध्ये ऑसेल्टामिव्हिर शेड्यूल एक्समधून एच-1 मध्ये आले, त्यामुळे आता चिठ्ठी असली तर ते साध्या मेडिकलमध्येही मिळते. आमच्या दुकानात असते. आणि एप्रिल आला की मुलगा फ्रिजवर लसीची पाटी लावतो. पहिली लस घरातल्यांनी घ्यायची, असा आमचा नियम आहे.

यंदाच्या गड्ड्यानंतर किंवा आषाढात तुम्हाला खोकला-ताप आला आणि तुमच्या मेडिकलवाल्याने "डोस बांधून देत नाही, आधी डॉक्टरला दाखवा" असे सांगितले, तर त्याच्यावर रागावू नका. पुढच्या चौकातल्या दुकानात जाऊ नका. आणि तो न विचारता पुडी बांधू लागला, तर तुम्हीच त्याला थांबवून सांगा, की मला शुगर आहे, मला दम लागतो आहे.